दुपट्यावर फुटलेला दिवा

"अरे, काचेला नको, बुडाला धरून फिरव," असं सूनबाई म्हणेपर्यंत नवरोबांनी गेलेल्या सीएफएलच्या वेटोळ्यालाच पिरगाळलं होतं. फट्! काचा पलंगावर अंथरलेल्या बाळाच्या दुपट्यावर सांडल्या. नशीब, बाळ आजीच्या कडेवर दारात होतं.

"सगळे बाहेर व्हा! पंखा बंद, खिडकी उघडी," सूनबाईने फर्मान काढलं. नवरोबा झाडू घेऊन हजर झाले. "झाडू नको! पारा घरभर पसरेल."

"अगं, असा कितीसा पारा असतो त्यात?"

"टाचणीच्या टोकाएवढा. पण त्याची वाफ होते, आणि आपलं रत्न दिवसभर जमीन चाटत फिरतं."

"आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटला की आम्ही पारा तळहातावर खेळवायचो," सासूबाई म्हणाल्या. "काय झालं आम्हाला?"

"नक्की काही नाही ना झालं, आई?" नवरोबांनी विचारलं आणि दोघींचे जळजळीत कटाक्ष झेलले.

खोलीला चांगला वारा लागल्यावर सूनबाई हातमोजे घालून आत गेली. जाड पुठ्ठ्याने काचा गोळा केल्या, चिकटपट्टीने भुकटी टिपली, ओल्या कागदाने फरशी पुसली आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरलं. राहिलं ते दुपटं. जांभळं-पिवळं, सासूबाईंनी अख्खा हिवाळा खपून विणलेलं. ते अंगावर घेऊन बाळ झोपतं तरी कसं, याचं सूनबाईला पहिल्या दिवसापासून नवल वाटत होतं. तिने चेहरा दुखवट्याचा केला. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

"आई, हे टाकावं लागेल. धुऊन चालणार नाही, पारा मशीनमध्ये जाईल."

"तुझ्या डोळ्यांत खुपतच होतं ते. सापडलं बरं निमित्त!"

पंचाईत अशी की दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सासूबाईंना पटलं नाही, तर हिची पाठ वळताच दुपटं धुतलं जाणार, वाळणार आणि बाळाभोवती गुंडाळलं जाणार.

"खुपतंय," ती म्हणाली. "रंग भयानक आहेत. पण पारा त्याहून भयानक आहे."

नवरोबांनी श्वास रोखला. सासूबाईंनी दारातूनच पलंगाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं.

"आणि तो तुझा स्वेटर? त्यावर चकाकतंय ते काय, चांदणं?"

करडा, मऊ, पहिल्या पगारातून घेतलेला स्वेटर. त्यावरच्या काचा तिने केव्हाच पाहिल्या होत्या. गॅलरीत हळूच झटकू, असंही ठरवून टाकलं होतं. तिचं सगळं विज्ञान नेमकं त्या स्वेटरपाशी येऊन डुलकी घेत होतं.

"तोही जाणार," ती कशीबशी म्हणाली. स्वेटर तिने आधी पिशवीत घातला, मग दुपटं.

सासूबाई बाळाला नवरोबांच्या हाती देऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि रुंद चिकटपट्टीचं रीळ घेऊन आल्या.

"उद्या हे सगळं ई-कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दे," त्यांनी लेकाला बजावलं. "आपल्या डब्यात टाकलंस तर बघ." मग सुनेजवळ बसून पिशवीचं तोंड घट्ट धरलं. "हं, लाव पट्टी. नीट लाव. चांगल्या वस्तू आहेत आत."