तिसरा कोर्स

मेट्रनबाईंनी टेबलावर तीन माहितीपत्रकं पसरली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आयसीयूतल्या सगळ्यांची सीपीआरची प्रमाणपत्रं या महिन्यात संपतायत. यातला कोर्स तू निवड बाई. माझं डोकं आता चालत नाही."

धाकटी सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकली. हॉस्पिटलात तिला सगळे मेणबत्ती म्हणत. नोकरीला लागल्या लागल्या तिच्या हातून एक पेशंट गेला आणि ती त्याच्या बायकोबरोबर रडली. त्या बायकोच्या देखतच आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, "ए मेणबत्ती, वितळायचं असेल तर बाहेर जा." नाव चिकटलं ते चिकटलंच. इन्चार्ज सिस्टर म्हणजे तिची सख्खी थोरली नणंद.

पहिला कोर्स घरबसल्या होणारा. स्क्रीनवर बघायचं, प्रश्नांवर टिचक्या मारायच्या, की संध्याकाळी प्रमाणपत्र हातात. दुसऱ्यात पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन दाखवायचा होता. दाब पुरेसा खोल गेला तर दिवा हिरवा, नाहीतर लाल. तिसरा फक्त इन्चार्ज लोकांसाठी. त्यात छातीला हात लावायचा नव्हता. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून माणसं कामाला लावायची, औषधं सांगायची, चुका पकडायच्या.

"पहिला नको, मॅडम. स्क्रीन बघून कुणाचं हृदय चालू होत नाही."

"बरोबर बोललीस. मग दुसरा. आणि नणंदबाईंना हा तिसरा?"

मेणबत्तीनं तिसरं पत्रक उचललं. वन्संच्या अंगठ्यांचे सांधे गेल्या दोन वर्षांत सुजून लिंबाएवढे झाले होते. घरात डब्याचं झाकण त्यांना उघडत नसे. हॉस्पिटलात मात्र याचा कुणाला पत्ता नव्हता. पेशंट कोसळला की त्या पायथ्याशी उभ्या राहून हुकूम सोडत, आणि ते हुकूम इतके अचूक असत की बाईंचे हात खिशात आहेत हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. तिसरा कोर्स त्यांच्या मापानं शिवल्यासारखा होता.

"सगळ्यांना एकच ठेवू या," ती म्हणाली. "इन्चार्जना वेगळी सूट दिली तर बाकीच्या कुरकुरतील."

"नापास होईल त्याला आयसीयूत ठेवता येणार नाही हं. वरून तसं आलंय. थेट स्टोअरला जायचं, चादरी मोजत बसायला."

"हो, मॅडम."

मेट्रनबाईंनी सही केली. मेणबत्तीनं तिसऱ्या पत्रकाची घडी घातली आणि जाता जाता कचऱ्याच्या डब्यात टाकली. तोंडात नियम होता. मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात वन्संनी साखरेची बरणी तिच्यापुढे सरकवली. तिनं झाकण फिरवून दिलं.

"कोर्स कुठला घेतलात? स्क्रीनवालाच ना?"

"नाही. पुतळ्यावरचा."

वन्संचा चमचा हवेतच थांबला. "आणि इन्चार्जसाठी? वेगळा काही असतो म्हणे."

"नव्हता, वन्सं."

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं तिला वाटलं होतं. नाही अडखळली.

"मग मेट्रनकडे जा आणि बदलून घे. तुझं ऐकतात त्या."

"काय सांगू त्यांना? तुमचे हात..."

"हातांबद्दल अवाक्षर काढायचं नाही!"

तिचा नवरा बुटाची नाडी बांधता बांधता हसला. "तुम्ही दोघी घरातही ड्युटीवरच का गं? ताई, तिला निदान चहा तरी पिऊ दे."

"तू गप रे," वन्सं म्हणाल्या. तो गेल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. इतका उतरलेला आवाज मेणबत्तीनं कधी ऐकला नव्हता. "हे बघ. परीक्षा जोडीनं असते. एकीनं दाबायचं, दुसरीनं मोजायचं. दुसरी कधीही 'हात बदलू या' म्हणू शकते, त्याचे मार्क जात नाहीत. जोडीला तू राहा. माझे हात ढिले पडतायत असं दिसलं की म्हण. मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही."

"बरं."

"आयसीयू गेलं तर माझं काय उरतं गं? या घरात मी कोण, भावाच्या दारातली बहीण."

"बरं म्हटलं ना, वन्सं."

परीक्षेला वरच्या मजल्यावरचा हॉल रिकामा केला होता. जमिनीवर पुतळा, त्याच्या खांद्याशी दिवा, भिंतीला लागून आयसीयूचा सगळा स्टाफ. परीक्षक मास्तर टक्कल पुसत म्हणाले, "कुणालाही दम लागला की बदला. लाजू नका. पेशंटला तुमच्या लाजेशी देणंघेणं नाही."

वन्सं गुडघ्यांवर बसल्या. एका तळव्यावर दुसरा ठेवून कोपरं ताठ केली आणि दाबलं. दिवा हिरवा.

"एक, दोन, तीन, चार..." मेणबत्ती मोजू लागली. तिचा आवाज गोड होता आणि ताल पक्का.

हिरवा. हिरवा. "बाई अजून तशाच आहेत," भिंतीकडून कुणी कुजबुजलं. मेणबत्तीनं पुतळ्याच्या तोंडावर मास्क धरून दोनदा हवा दिली. वन्संनी पुन्हा दाबायला घेतलं आणि दिवा डळमळला. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम पुतळ्यावर टपकला. वरचा हात घसरला, त्यांनी तो परत चढवला. त्यांनी नजर वर केली.

"अकरा, बारा, तेरा..."

"अगं," वन्सं ओठातल्या ओठात म्हणाल्या.

मेणबत्ती वाकली. भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अजून जोर लावा, सिस्टर. पेशंट जातोय."

आणि पुढचा आकडा उच्चारला.

वन्संनी जोर लावला. मनगटात काहीतरी कळवळलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही. दिवा लाल झाला. तसाच राहिला. हॉलमध्ये मोजण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"थांबा," मास्तर म्हणाले.

जागा बदलल्या. मेणबत्तीनं दाबायला घेतलं. नियमाप्रमाणे वन्संनी मोजलं, मोठ्यानं, एकही आकडा न चुकता. दिवा शेवटपर्यंत हिरवा होता.

मास्तर जरा ओशाळल्यासारखे झाले. "सिस्टर, तुम्ही हात बदलून का मागितला नाहीत? आणि मोजत होता तुम्ही, तुम्हाला दिसलं नाही का त्या थकल्यात ते?"

मेणबत्ती काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "मागायचं मी होतं. तिनं सगळं बरोबर केलंय. लिहा तसं."

त्यांना उठता येईना, पायाला मुंग्या आल्या होत्या. मेणबत्तीनं काखेत हात घालून त्यांना अलगद उभं केलं, साडीला लागलेली धूळ झटकली आणि दारापर्यंत धरून नेलं.

"बघा, कशी जपते नणंदेला," मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

"जपते तर," वन्सं म्हणाल्या. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "स्टोअर कुठल्या मजल्यावर गं?"