नंतर केलेली खूण

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही एका जुन्या मोटारीखाली पाठीवर आडवे झाला आहात. पाठीखाली गोणपाट, नाकात तेलाचा वास, आणि डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर तांब्याएवढा एक लोखंडी डबा. वर बसलेला माणूस स्टिअरिंग फिरवतो, ते फिरणं ह्या डब्यात शिरतं आणि खालून बाहेर आलेल्या एका जाड शाफ्टला वळवतं. शाफ्टवर एक आर्म घट्ट बसवलेला असतो. तो ओढतो तशी पुढची चाकं वळतात. डब्यात तेल असतं. ते गळून गेलं, की आतले दाते कोरडे पडतात, आणि कोरडे दाते एखाद्या दिवशी ऐन वळणावर अडकून बसतात.

ह्या मोटारीचं तेल गळत होतं. तिच्याखाली आडवे झाले होते दहा वर्षांची एक मुलगी आणि तिचा मामा.

मामा सुतार होता. मोटार त्याच्या वडिलांची. "गाडीचे जितके लाड करता, तितके माणसांचे केले असते तर!" असं मामी एरवी रोज म्हणायची. त्या दिवशी मात्र पुढच्या खोलीत खिडकीपाशी ती खाट लावत होती. मुलीची आई डोंगरापलीकडच्या इस्पितळात होती, आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. बरी झाली म्हणून नव्हे. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून. इस्पितळाची गाडी मिळायला चार दिवस लागणार होते. आई सारखं एकच म्हणत होती, "मला घरी न्या."

मामा भाचीला फौजदार म्हणायचा, कारण घरात सगळ्यांची उलटतपासणी तीच घ्यायची.

"फौजदार, ठिपके ठोकायचा पंच घ्या. आर्मवर एक ठिपका, शाफ्टवर एक, अगदी समोरासमोर. मगच पुलर लावून आर्म ओढायचा. कशासाठी?"

"आर्म परत त्याच दात्यावर बसावा म्हणून."

"आणि एक दाता चुकला तर?"

"तर मामाचं नाक कापलं जाईल."

"नाक गेलं तर गेलं, दुसरं लाकडाचं करीन. पण गाडी वळायच्या ऐवजी दरीत जाईल, त्याचं काय?"

तेवढ्यात फोन वाजला. मामाचे हात तेलानं बरबटलेले. मुलीनं पंच खाली ठेवला आणि फोन त्याच्या कानाला लावून धरला. पलीकडे डॉक्टर होते. त्यांचा आवाज मोठा होता, तिलाही स्पष्ट ऐकू आला.

"आजच न्या. दोन दिवस धरा. फार तर तीन."

"हो. दुपारी निघतोच," मामा म्हणाला. मग त्यानं पुलर हातात घेतला. "खूण केलीस ना गं?"

"हो," ती म्हणाली. प्रश्न तिच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

मामानं पुलर आवळला, हातोडीचा एक घाव घातला, आणि ठण्णकन आर्म सुटून हातात आला. मुलीनं वर पाहिलं. शाफ्टवर गोलाकार बारीक दाते होते, तीस-पस्तीस तरी, सगळे एकसारखे. ठिपका कुठेच नव्हता.

दारात गॅरेजवाला खोळंबला होता. पुलर त्याचा, आणि त्याला तो घेऊन शेजारच्या गावी जायचं होतं. "संध्याकाळपर्यंत काही परत यायचा नाही मी. झालं का तुमचं?" मामा पुलर द्यायला उठून गेला.

सांगायचं तर हीच वेळ होती. पण तोंड उघडलं असतं तर बोलण्याआधी रडूच बाहेर पडलं असतं. मुलीनं आर्म उचलला, मघाशी जसा होता असं वाटलं तसा शाफ्टला लावून पाहिला, आणि दोन ठिपके ठोकले. टक्. टक्.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. खूण नसली म्हणून काही अडत नाही. आर्म सुटा असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, फेरे मोजायचे, बरोबर निम्म्यावर आणायचं आणि चाकं सरळ ठेवून आर्म चढवायचा. गॅरेजवाल्यानं खूण असूनही मोजलं असतं. पण मामाचा जन्म पेन्सिलीच्या रेघेवर करवत चालवण्यात गेलेला. रेघ एकदा मारली, की सुतार पुन्हा मोजत बसत नाही.

त्यानं डबा काढला, तेल अडवणारं, पत्र्यासारखं कडक झालेलं जुनं रबरी सील उचकटून नवं बसवलं, डबा जागेवर लावला आणि ठिपक्यासमोर ठिपका आणून आर्म चढवला. तेल भरलं. स्टिअरिंगचं चाक आधीच काढून ठेवलेलं होतं, ते सगळ्यात शेवटी सरळ बसवलं. मग डब्याखाली कोरा कागद पसरला आणि दोघं त्याच्याकडे टक लावून बसली.

"एक थेंब नाही!" मामा आठ दिवसांत पहिल्यांदा हसला आणि हात धुवायला गेला.

पुढची चाकं अजून जॅकवर, हवेतच होती. मुलगी गाडीत चढली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. सव्वादोन फेरे. परत सरळ आणलं, उजवीकडे फिरवलं. पावणेदोन, आणि आत काहीतरी धाडकन आपटलं. वाकून पाहिलं, तर पुढचं चाक पुरतं वळलंच नव्हतं.

सांगितलं, तर आर्म पुन्हा काढायला पुलर हवा, तो संध्याकाळी मिळणार, म्हणजे आज जाणं होत नाही. दोन दिवसांतला एक गेला. नाही सांगितलं, तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. पण डोंगरात उजवी वळणं किती होती, आणि आई मागच्या सीटवर झोपलेली असणार होती.

मामी उशी घेऊन आली. मामा किल्ली घेऊन आला. "उतरा, फौजदार. जॅक काढायचाय. आई वाट बघतेय."

"मामा, खूण मी नंतर केली."

"कसली खूण?"

"आर्म निघाल्यावर. अंदाजानं. चाक उजवीकडे पुरतं वळत नाहीये."

मामानं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग फिरवलं. डावीकडे. मग उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिथंच फळ्यांच्या ढिगावर बसला.

"हळूहळू नेली तर?" मामीनं विचारलं.

"वळणावर चाकंच वळली नाहीत, तर हळू नेऊन काय करणार?"

"पोरीला काही बोलू नका हं."

"मी कुठं काय बोललो? बघायचं काम माझं होतं. मी नुसतं विचारलं." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आज येत नाही म्हणून कळवतो. गाडी बिघडली, म्हणून सांगतो."

तो नंबर लावणार, एवढ्यात मुलगी खाली उतरली आणि तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. मामी "अगं, अगं" म्हणत पुढे आली, पण मामानं मान हलवली.

पलीकडे नर्सबाईंनी फोन उचलला. मुलीनं आईला द्यायला सांगितलं. बराच वेळ नुसती खरखर झाली.

"निघालात का गं?" आईनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"नाही, आई," मुलगी म्हणाली. "गाडी बिघडलेली नाही. मी खोटं बोलले, म्हणून आज येता येत नाही." आणि मग फोन दोन्ही हातांनी धरून, आई मध्ये काही विचारेल म्हणून थांबत थांबत, तिनं पहिल्या ठिपक्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.