तिसऱ्या मजल्यावरचा मसाला

तळमजल्यावरच्या विजयसिंह काकांनी प्लॅस्टिकची खुर्ची पुढं ओढली आणि लिफ्टचा विषय थेट रश्शावर आणला.

"समजा, म्हावीर मटण खात न्हाय. मग रश्शाची वर्गणी त्यानं का द्यायची?"

पार्किंगमधली सगळी सभा महावीरकडं वळली. महावीर जैन. सोसायटीच्या आषाढातल्या रश्शाला तो दरवर्षी यायचा आणि पंगतीत बसून घरचा दहीभात खायचा.

"देतोय की मी," तो म्हणाला.

"आँ? ह्यो तर अन्याय झाला!"

मूळ प्रश्न होता, तळमजल्यावाल्यांनी नव्या लिफ्टला पैसे का द्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या सनाची अम्मी, रोशनबी, गुडघ्यांमुळं रमजान ईदपासून खाली उतरली नव्हती. सना उभी राहिली.

"काका, तुम्ही गच्चीवर कुठं जाता? तरी ती गळायला लागली तवा पैसं दिलंसा की."

"गच्ची म्हंजे टोपी, पोरी. टोपी सगळ्या अंगाची."

"आणि लिफ्ट?"

काकांनी विचार केला. "लिफ्ट म्हंजे पाय. ज्याचं त्यानं बघायचं."

मग मफलर टोपीकडं धरायचा की पायांकडं, यावर दोघांचं वाजलं. शेवटी बहुमतानं ठरलं, जो वापरत नाही त्यानं द्यायचं नाही. तळमजला सुटला. उरलेल्यांना झेपेना, म्हणून लिफ्ट रद्द. महावीरलाही न्याय मिळाला. टाळ्या पडल्या.

"मग मी आता जेवायला यायचं का न्हाय?" महावीरनं हळूच विचारलं. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

कोपऱ्यात आजच्या रश्शाचं पातेलं चढलं होतं. काकांनी सनाला वर पिटाळलं. "भाभींचा मसाला आण. त्यो नसला तर नुसतं गरम पाणी."

अम्मी गॅलरीत बसली होती. सकाळपासून खोबरं-तीळ भाजून वाटलेला मसाला मांडीवरच्या डब्यात होता. सभा तिनं वरूनच ऐकली होती. सनानं हात पुढं केला. अम्मीनं झाकणावरचा हात काढला नाही.

"मी खाली येते का खायला?"

"न्हाय."

"मग मसाला कशाला माझा?"

आवाजात राग नव्हता. हिशेब पुन्हा तपासावा, तसं तिनं विचारलं होतं.

सनानं कठड्यावरून वाकून तेच, तसंच, खाली ओरडून सांगितलं.

काकांनी मान वर केली. मग पातेल्याखालची आच बारीक केली.

महावीर तेवढा जिन्यापाशी गेला आणि वर बघत म्हणाला,

"भाभी, मी दहीभात घेऊन वर आलो तर चालंल का?"