फोन खाली उतरेना

गच्चीवर भावाचा, नौफलचा, आवाज शेजारी बसल्यासारखा येत होता. बतूल फोन कानाला धरून जिना उतरायला लागली आणि दुसऱ्या वळणावर तो आवाज मीठ पाण्यात विरघळावं तसा विरघळला. "बांना दे गं, मला फक्त एवढंच..." आणि पुढे काही नाही.

ती तशीच पळत वर गेली. फोन पुन्हा लागला.

"अगं, सारखी जातेस कुठं तू?" नौफल म्हणाला.

"खाली, बांकडे. खाली रेंज नाही."

"तो बूस्टरचा डबा बसवलायस ना?"

"बसवलाय. हिवाळाभर गुमान चालला. आता लाल दिवा दाखवून गप्प बसलाय."

"बतूल, असरच्या बांगेला, दुपार कलताच, आमची बोट बंदर सोडणार. मग महिना-दीड महिना नुसतं पाणी. तोवर बा..."

"करते काहीतरी. तू फोन हातातून सोडू नकोस."

सकाळीच डॉक्टर खाटेपासून उठता उठता म्हणाले होते, ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. बांच्या, सी मक्कींच्या, नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं. टेकून बसवलं तरी ओठ निळे पडत. विहिरीसारख्या त्या अरुंद जिन्यानं त्यांना गच्चीवर न्यायचं म्हणजे वाटेतच संपवायचं.

ज्या गळ्यानं प्रेषितांची स्तुती उचलली की झावियाचे, त्या सूफी मठाचे, खांबसुद्धा डोलल्यासारखे वाटत, त्या गळ्यात आता वाऱ्यापुरतीच जागा उरली होती. त्यांच्यामागे सूर धरायचा तो नौफल. एका मौलिदच्या, प्रेषितांच्या जन्मोत्सवाच्या, रात्री सारी मंडळी बसली, दिवे लागले, आणि नौफलची जागा रिकामी. पोरगा न सांगता अगादीर बंदराला जाऊन मासेमारीच्या बोटीवर चढला होता. सी मक्की त्या रात्री एकटेच गायले, घरी आले आणि म्हणाले, "माझी रिदा त्याला नाही." त्यानंतर घरात ते नाव निघालं नाही. बापाची रिदा, म्हणजे त्याचा राजीपणा, नसलेल्या माणसाला फेज शहरात काय, समुद्रातही थारा नाही असं म्हणतात. नौफल बोटी बदलत राहिला, पण ते ओझं काही कुठल्या बंदरात उतरलं नाही.

आणि काल पहाटे बांनी आपणहून विचारलं होतं, "नौफल कुठं असतो?"

बतूलनं दोन्ही वाटा करून पाहिल्या होत्या. "बा, तुम्ही इथं बोला, मी फोनमध्ये भरून त्याला पाठवते."

"मागितल्याशिवाय देतात होय? मागू दे त्याला."

"मग त्याचं मागणं भरून आणते वरून. ऐका तुम्ही."

सी मक्कींनी डोळे मिटले. "पोरी, मिठातलं लिंबू आहे का ते, बरणीत भरून आणायला? तो पलीकडे असला पाहिजे."

आता वेळ दुपारची. या वेळी गच्च्या बायकांच्या. पुरुष माणूस वर पाऊल टाकणार नाही, मग घराला आग लागो. दुरुस्तीवाल्याला बोलवायची सोयच नव्हती. बूस्टर ज्याच्याकडून घेतला त्या जवादला बतूलनं फोन लावला.

"डब्यासमोर उभ्या राहा आणि दिवा कसा लागतो ते सांगा," जवाद म्हणाला.

"डब्यासमोर उभी राहिले तर तुझा फोन तुटतो रे बाबा. त्यासाठीच तर फोन केलाय."

शेजारच्या गच्चीवर थोरल्या बाई, लल्ला खदूज, गोधड्या उन्हात घालत होत्या. त्यांनी कठड्यावरून हात पुढे केला. "आण इकडं. तू खाली जा, मी वरून ओरडते. देवानं आवाज दिलाय तो नवऱ्यावर किती खर्च करायचा?"

म्हणून मग असं चाललं. खाली चौकात बतूल, वर आभाळाच्या उघड्या चौकोनातून डोकावणाऱ्या खदूज, आणि त्यांच्या कानाशी जवाद.

"तो म्हणतो वायर घट्ट आहे का बघ."

"घट्ट आहे."

"तो म्हणतो बंद करून चालू कर."

बतूलनं बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. आणि लगेच लाल, पुन्हा लाल, डोळा मारल्यासारखा.

"लाल, लल्ला. लुकलुकतोय."

वर थोडा वेळ कुजबुज झाली. "तो विचारतो, डब्याजवळून अँटेना दिसतो का?"

बतूलनं मान वर केली. चौकाच्या खांबावर डबा, आणि वर, खदूजच्या डोक्याशेजारी, कठड्याला बांधलेला अँटेना. सरळ दिसत होता. "दिसतो की."

"मग तेच. म्हणतो, दोघं एकमेकांना बघतायत. खालचा बोलतो ते वरचा ऐकतो, वरचा तेच पुन्हा खाली पाठवतो. डबा स्वतःच्याच बोलण्यानं भांबावतो आणि तोंड मिटतो. माझ्या सासूसारखं नाही, ती मिटत नसे." मग खदूजचा सूर बदलला. "विचारतो, हिवाळ्यात चौकावर पत्रा होता का?"

होता. सगळ्यांच्याच चौकांवर असतो. बा म्हणाले होते, पडल्या पडल्या आभाळ दिसू दे, म्हणून बतूलनंच या वसंतात पत्रा काढून लोहाराकडे रंगवायला धाडला होता. आज शुक्रवार, लोहाराचं दुकान बंद.

"डबा आतल्या खोलीत ने म्हणतो."

"वायर पुरत नाही, लल्ला. आधीच पाहिलंय."

खोलीतून खोकला आला. मग आलाच नाही, ते जास्त भयंकर होतं. ती धावली. बांचे डोळे उघडे होते. "आला का?" त्यांनी विचारलं.

"येतोय, बा."

ती जिन्यावरून वर आली तेव्हा खदूजनी अँटेनाच्या काठीची दोरी सोडली होती. "भिंत मध्ये हवी म्हणतो. माझ्या जिन्याच्या खोलीमागं नेऊ. वायर कठड्यावरून एवढीच येते बघ." वायर ताणून ताणून जेमतेम पोचली. काठी बांधायला मात्र तिथं खिळा नाही की खांब नाही.

"मी धरते," खदूज म्हणाल्या. "हा घे तुझा फोन, जा तू. टॉवरकडं तोंड ठेवते. आयुष्यभर मशिदीकडं पाठ केली नाही, टॉवरकडं काय करणार."

बतूल खाली आली. दिवा लाल. मग विझला. मग हिरवा. ती पाहत राहिली, हिरवाच. फोनवर दोन काड्या उभ्या राहिल्या आणि तिनं काही करायच्या आतच तो वाजला. तो स्पीकरवर टाकून ती बांच्या खाटेकडे धावली.

"बा," नौफल म्हणाला. खोलीभर त्याचा आवाज. मागं इंजिनाची घरघर, कुणीतरी दोर ओढायला ओरडत होतं. "बा, मी आहे. माफ करा मला. त्या रात्री मी तुमच्यामागची जागा रिकामी ठेवली. माफ करा, बा."

सी मक्कींचे ओठ हलले. आवाज फुटेना. बतूलनं फोन त्यांच्या तोंडाशी नेला. "बोलतायत ते, नौफल, थांब जरा."

"थांबलोय. बा, मी डोकं वाकवून बसलोय इथं."

ते ऐकून म्हाताऱ्यानं हात उचलला. किती वर्षांत तो हात एवढा वर गेला नव्हता. बतूलला कळायच्या आत त्यांनी तो, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, फोनच्या चेहऱ्यावर ठेवला आणि थोडा दाबला. वाकलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग बोलायचं, हीच रीत. "जा," ते म्हणाले, आणि आता शब्द स्वच्छ निघाले. "देव तुझ्यावर राजी असो. मी राजी आहे."

हात बाजूला झाला तेव्हा पडद्यावर काही नव्हतं. तळव्याखाली लाल बटण दाबलं गेलं होतं.

बतूलनं पुन्हा फोन लावला. दिवा हिरवा, काड्या दोन, सगळं जागच्या जागी. आणि पलीकडची बाई शांतपणे सांगत होती की या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही. तिनं पुन्हा लावला. पुन्हा. बाहेर एका मिनारावर असरची बांग सुरू झाली, मग दुसऱ्या, मग साऱ्या शहरावर.

"ऐकलं त्यानं?" बांनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. पण मागायला तो खरा पलीकडे असला पाहिजे म्हणणाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? "नाही, बा. तुम्ही हात ठेवलात तेव्हाच फोन तुटला."

त्यांनी आभाळाच्या चौकोनाकडे पाहिलं. "मी दिलंय," ते म्हणाले. "दिलेलं मी परत घेत नाही. पोचवणारा पोचवील." आणि बांगेच्या लयीत त्यांची बोटं रजईवर हलायला लागली, ताल धरल्यासारखी.

बतूलला तेवढा धीर नव्हता. ती वर गेली. बांचे शब्द, होते तसे, एकही न बदलता फोनमध्ये बोलली आणि पाठवले. पाठवल्याची एक खूण उमटली, पोचल्याची दुसरी उमटेना.

खदूज भिंतीआड काठी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. त्यांचे दंड थरथरत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ठेवू का खाली?" त्यांनी विचारलं.

"नका ठेवू, लल्ला," बतूल म्हणाली, आणि जाऊन काठीचं दुसरं टोक धरलं.