दुसरी खोली

शाळेच्या शिबिरात मुलींसोबत एक बाई लागते असा नियम आहे, आणि तो पाळायची वेळ आली की आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्या बायांच्या सासवा एकदम आजारी पडतात. यंदा नववीचं शिबिर कोकणातल्या एका निर्मनुष्य बेटावर होतं. तंबू, चूल, दोरांच्या गाठी आणि चार दिवस लाइट नाही. मोठ्या बाईंनी ऑफिसात डोकावून विचारलं, "कमलताई, तुम्ही जाल का?" मी शाळेत क्लार्क आहे, लग्न केलेलं नाही, त्यामुळे आजारी पाडायला मला सासू नाही. शिवाय माझी भाची श्रेया त्याच वर्गात. मी लगेच हो म्हटलं.

एवढ्या पटकन हो म्हणायचं कारण मात्र वेगळं होतं. मला चार दिवस घरातून बाहेर पडायचं होतं, कारण मी घरातल्या सगळ्यांवर रागावले होते आणि दहा बाय सोळाच्या खोलीत नीट रागावता येत नाही.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. मी, धाकटा भाऊ रघू, त्याची बायको मानसी आणि श्रेया. समोर पुनर्विकासातला आमचा टॉवर उभा राहिलाय, महिन्याभरात चावी मिळणार आहे. हॉल, किचन आणि दोन खोल्या. एक रघू-मानसीची, ते ठरलेलंच. दुसरी श्रेयाची आणि माझी, असं मी मनाशी धरून चालले होते. ही पोर जन्मल्यापासून माझ्या शेजारी झोपते. तिचे पाय मध्यरात्री माझ्या पोटावर येतात आणि मी ते बाजूला सारते, इतकी आमची सवय.

तर एका रविवारी मानसी मोबाइलवर घराचा नकाशा दाखवत होती आणि श्रेया म्हणाली, "दुसरी रूम माझी. एकटीची. माझ्या सगळ्या फ्रेंड्सना आहे." मानसी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताईंना हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेऊ की. मस्त मिळतात हल्ली." रघू नकाशा मोठा करून बघत बसला, जणू त्यात आणखी एखादी खोली सापडणार होती.

मी म्हटलं, "मला काय, कुठेही चालेल."

हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आहे. आई-बाबा असताना कॉटखाली झोपले. रघूचं लग्न झालं तेव्हा सहा महिने शेजारच्या सुभद्राकाकूंकडे झोपायला गेले. कुठेही चाललं. फटकळ म्हणून शाळेत माझं नाव आहे आणि ते बरोबरच आहे, पण घरी या एका बाबतीत माझं तोंड उघडत नाही. त्या रविवारी मात्र मला लागलं. खोलीचं नाही, पोरीचं लागलं. मी ठरवलं की बेटावर तिला गोडीत घेऊन पटवायचं, दोघींना एकच खोली पुरते म्हणून.

बेट तसं लहानसं. एका बाजूला वाळू आणि माड, दुसऱ्या बाजूला काळे खडक, मध्ये केवड्याचं रान. मचवा आम्हाला उतरवून गेला आणि मुलांनी पहिली गोष्ट काय केली, तर रेंज शोधली. ती नव्हती. शिबिर चालवणारा हेरंब गिरगावचा, तिशीचा, सह्याद्रीत भटकून रापलेला. आवाज कधी चढवायचा नाही. नववीतली वीस मुलं आवाज न चढवता सांभाळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला, आणि मला त्याचा थोडा हेवा वाटला.

पहिले दोन दिवस झावळ्यांचा आडोसा, पाणी गाळून उकळणं, गारगोटीवर लोखंड घासून काथ्यात ठिणगी पाडणं असं चाललं होतं. माझ्या ठिणगीने काही पेट घेतला नाही. श्रेयाची पेटली, सगळ्यांच्या आधी, आणि तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विषय काढावा. पण ती मैत्रिणींत होती, आणि चाळीत काय किंवा बेटावर काय, मला तिला एकटीला गाठायला जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हेरंबने सगळ्यांना माडाखाली बसवलं.

"आज दुपारी प्रत्येकाने एकट्याने बसायचं," तो म्हणाला. "जागा मी दाखवीन. तिथून दुसरं कुणी दिसणार नाही. जवळ पाणी आणि गळ्यात शिट्टी, बाकी काही नाही. मी फिरत असेन, पण बोलणार नाही. सूर्य पाण्याला टेकला की मी लांब शिट्टी मारेन, तेव्हा परत यायचं."

"सर, पण करायचं काय?" ध्रुवने विचारलं. हा वर्गातला सगळ्यात बडबड्या.

"काही नाही. बसायचं."

"म्हणजे पनिशमेंटच ना सर."

पोरं हसली. मी उठून भाजीची पिशवी जवळ ओढली. हेरंब म्हणाला, "ताई, तुमचीही जागा काढलीय. त्या वळणापलीकडे."

"मला कशाला? मी भाजी चिरते."

"भाजी संध्याकाळी मुलं चिरतील."

"वीस जणांची भाजी आहे, हेरंब."

"वीस जणच चिरतील," तो म्हणाला, आणि त्याने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. भांडणारा माणूस असता तर मी जिंकले असते. याच्याशी भांडायची सोयच नव्हती.

माझी जागा म्हणजे दोन खडकांमधली वाळूची लहानशी पट्टी, वर एक उंडीचं झाड, समोर समुद्र. मी बसले. मग उठले आणि एक झावळी घेऊन वाळूवरचा पाला झाडून काढला. करवंट्या एका बाजूला रचल्या. शिंपले वेचले, लहान-मोठे वेगळे केले. मग आणखी काही करण्यासारखं उरलं नाही तेव्हा पुन्हा बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी कुणाची तरी वाट बघतेय. कुणीतरी हाक मारेल, पाणी आलं म्हणेल, गॅस बंद केलास का विचारेल. आमच्या चाळीत एकटं असायची एकच जागा, ती म्हणजे संडास, आणि तिथेही बाहेर कुणीतरी बादली आपटत असतं. त्रेपन्न वर्षांत मी एकदाही अशा जागी बसले नव्हते, जिथे माझं कुणाला काही काम नाही.

कुणीही हाक मारली नाही. एक खेकडा बिळातून बाहेर आला, माझ्याकडे बघून थांबला आणि आपल्या वाटेने गेला. भरती हळूहळू वर येत होती. मी पाय पसरले. केसांचा अंबाडा सोडला. घरी मी केस मोकळे सोडत नाही, कारण मग मानसीला जेवणात केस सापडतात. मग मी चक्क आडवी झाले, हात दोन्हीकडे टाकून, आणि कुणाच्याही पायाला माझा हात लागला नाही.

मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटल्याची आधी लाज वाटली. घरी एवढी माणसं, प्रेमाची माणसं, आणि त्यांच्यातलं कुणी जवळ नाही म्हणून आपण सुखात लोळतोय. मग ती लाजही गेली. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण का रडतेस असं विचारणारं कुणी नव्हतं. किती वेळ गेला मला माहीत नाही.

"आत्या."

मी उठून बसले. खडकाआडून श्रेया डोकावत होती. नाक लाल, डोळे सुजलेले.

"येऊ का?"

"शिट्टी झाली का?"

"नाही. पण मला कसंतरीच होतंय तिकडे. भीती नाही वाटत. पण कुणाचा आवाजच नाही ना. मी मोठ्याने पाढे म्हटले. मग ते पण बोअर झालं."

एरवी मी हात पसरले असते आणि ती येऊन मांडीवर डोकं ठेवून पडली असती. त्यासाठीच तर मी या बेटावर आले होते. पोर स्वतःहून आली होती, एकटी होती, रडवेली होती, विषय काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली, की सूर्य अजून वर आहे, माझा वेळ अजून उरला आहे.

"त्या खडकाच्या पलीकडे बस," मी म्हटलं. "मी इथे आहे हे तुला माहीत आहे ना? मग झालं. पण मला दिसू नकोस. आणि बोलू नकोस."

ती बघतच राहिली. मग गेली. पलीकडे तिने एक-दोनदा नाक ओढल्याची चाहूल आली, नंतर तीही थांबली. मी पुन्हा आडवी झाले. पोरीला परत पाठवलं म्हणून जिवाला चुटपुट लागेल असं वाटलं होतं. ती काही लागली नाही.

शिट्टी झाल्यावर आम्ही दोघी वाळूतून परत निघालो. श्रेया माझा हात धरून चालत होती, लहानपणी धरायची तसा.

"आत्या, मी काय विचार केला," ती म्हणाली. "ती रूम आपण दोघींची करू. तुझा बेड खिडकीकडे, माझा भिंतीकडे. मला एकटीला नाही झोपता येणार, मला आज कळलं. मी सांगते आईला."

मला जे हवं होतं ते तिने आपणहून माझ्या ओंजळीत टाकलं होतं. चार दिवसांपूर्वी मी तिचे मुके घेतले असते.

"नाही," मी म्हटलं.

"रागावलीस का अजून?"

"रागावले होते. आता नाही. श्रेया, मला ती खोली हवी आहे. एकटीला."

ती चालायची थांबली. "तुला?"

"मला."

"पण तू तर म्हणालीस, कुठेही चालेल."

"खोटं बोलले. मलाही तेव्हा माहीत नव्हतं."

तिने माझा हात सोडला नाही. चुलीपाशी बाकीचे एकोणीस जण एकोणीस तऱ्हांनी भाजी चिरत बसले होते, त्यात जाऊन ती बसली. रात्री तंबूत तिचे पाय माझ्या पोटावर आले ते नेहमीसारखेच, आणि मी ते नेहमीसारखेच बाजूला सारले. माझी माया काही कमी झाली नव्हती. एवढंच, की माया आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला फार उशिरा कळलं.

घरी आलो तेव्हा रघू भिंतीला टेकून चहा पीत होता. मानसी पोळ्या लाटत होती. दार नेहमीप्रमाणे सताड उघडं. गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण आत बघून, "काय, आलात काय?" विचारत होता. मी पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर राहून गेलं असतं.

"रघू, नव्या घरातली दुसरी खोली मला पाहिजे. श्रेया दहावीला जाईल, दिवसा हवी तेव्हा तिने तिथे अभ्यास करावा. पण खोली माझी."

मानसीचं लाटणं थांबलं. रघूने श्रेयाकडे बघितलं.

"आमचं बोलणं झालंय," श्रेया म्हणाली. तोंड थोडं फुगलेलं होतं, पण म्हणाली. "तिला देऊन टाका."

"अगो, पण ताई," रघू गोंधळून म्हणाला. त्याला राग आला नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. माझ्याइतकाच तोही याच खोलीत वाढलेला. "तू एकटी त्या खोलीत करशील काय?"

"दार लावीन," मी म्हटलं.