अटीवाला डॉक्टर

डॉ. वीरेंद्र बोडखे पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आला तेव्हा मी त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू? माझा स्वभावच तसा आहे. एक्केचाळीस वर्षं डॉक्टरकी केली. त्यातली तीस सरकारी आरोग्य केंद्रात, बाकीची केनवडच्या या दोन खोल्यांत. एवढ्या काळात खिल्लारे डॉक्टरबद्दल एक तक्रार नाही. आणि हा छत्तीस वर्षांचा गडी मेडिकल कौन्सिलचं पत्र हातात घेऊन म्हणतो, सर, तुमच्या देखरेखीखाली काम करू द्या.

पत्रात सगळं लिहिलं होतं. कामरगावला याचा दवाखाना होता. हरीओम नावाच्या बावीस वर्षांच्या मुलाला तापात यानं इंजेक्शन दिलं. आधी कधी औषधाचा त्रास झाला होता का, हे विचारलं नाही. रिॲक्शन आली आणि पंधरा-वीस मिनिटांत पोरगा गेला. तेवढ्यावर कौन्सिलनं कदाचित कडक समज देऊन सोडलं असतं. पण यानं नंतर केसपेपरवर एक ओळ वाढवली: 'ॲलर्जीबद्दल विचारले, नाही म्हणाला.' शाई वेगळी निघाली. सहा महिने नोंदणी बंद झाली, आणि आता पुढचे बारा महिने अटींवर काम.

अटी अशा होत्या. एकट्यानं पेशंट तपासायचा नाही. देखरेख करणाऱ्या डॉक्टरनं समोर उभं राहून परवानगी दिल्याशिवाय सुई नाही, सलाईन नाही. प्रत्येक केसपेपरवर त्याच दिवशी त्या डॉक्टरची सही. दर महिन्याला त्याच्याकडून कौन्सिलला अहवाल. आणि हे सगळं दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावायचं, पेशंटला वाचता येईल असं.

"किती जणांकडे जाऊन आला?" मी विचारलं.

"सात जणांकडे, सर. सगळे नाही म्हणाले."

मीही नाहीच म्हणणार होतो. तेवढ्यात आतून रूपा आली. रूपा माझी नर्स, अकरा वर्षांपासूनची. माझ्या रागाला ती घाबरते, पण दुसऱ्यासाठी बोलायचं असलं की तिला जोर येतो. "साहेब, घ्या ना त्याले," ती म्हणाली. "उभ्या उभ्या वाळून राह्यला बिचारा." मग मी त्याला बसायला सांगितलं. दया वगैरे काही नव्हती मनात. उलट थोडा रुबाबच होता, की बघा, कौन्सिलसुद्धा माझ्या भरवशावर माणूस सोपवते.

भिंतीवर कागद लागला आणि चार दिवसांत गावानं त्याचं नाव ठेवलं, अटीवाला डॉक्टर. आमच्याकडे दवाखान्यात येऊन सुई न घेता परत गेलं तर माणसाला वाटतं की फुकट चक्कर झाली. त्यामुळे लोक आधी माझ्याच टेबलाशी गर्दी करत. त्याच्याकडे जायचे ते उरलेसुरले. तो मात्र प्रत्येकाला खुर्ची देऊन अर्धा अर्धा तास बोलायचा. मी चिडायचो. म्हणायचो, "अरे, सोयरीक जमवायला बसला का?" तो हसायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

त्यानं एक कागद छापून आणला होता. कोणत्या गोळीनं अंगावर गांधी उठल्या का, कोणत्या सुईनं तोंड सुजलं का, श्वास अडकला का, असे साध्या भाषेतले प्रश्न. शेवटचा प्रश्न होता: 'गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या कोणत्या डॉक्टरकडे गेला होता का? त्यानं काय दिलं?' तो मी लाल पेनानं खोडला. "हा प्रश्न माझ्या दवाखान्यात चालायचा नाही," म्हटलं. "माझे पेशंट दुसरीकडे जात नाहीत." त्यानं मान हलवली आणि कागद पुन्हा छापून आणला, शेवटच्या प्रश्नाशिवाय. मी तर तो कागद माझ्या पेशंटसाठी कधी हातातही धरला नाही. मला माझे पेशंट पाठ होते.

सात महिने असे गेले. सहा अहवालांत मी लिहिलं, काम समाधानकारक. त्याची बायको वर्षाराणी आणि मुलगी कारंज्याला राहत होत्या. पाचच महिने राहिले, असं तो फोनवर मुलीला सांगायचा तेव्हा मी उगाच स्टेथोस्कोप पुसत बसायचो. लळा लागला होता मला त्याचा, दुसरं काय.

त्या दिवशी बाजार होता. दवाखाना खचाखच भरलेला. सोजरबाई रांग सोडून थेट माझ्यापाशी आली. मी सरकारी केंद्रात होतो तेव्हापासूनची, तीस वर्षं जुनी पेशंट. तिची तिन्ही बाळंतपणं मी पाहिली, नवऱ्याचा दमा मी सांभाळला. पायाला काहीतरी लागून जखम पिकली होती. मी म्हटलं, "एक सुई मारतो, दोन दिवसांत बरं वाटेल." वीरेंद्र शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "सर, एकदा विचारून घेऊ का त्यांना?" मी म्हटलं, "तू तुझा पेशंट पाहा." सोजरबाई खाली बघत होती. मला वाटलं, सुईला भ्याली.

अँटिबायोटिकचं इंजेक्शन मी माझ्या हातानं दिलं.

चार-पाच मिनिटं झाली असतील. तिनं गळ्याला हात लावला आणि "डाक्टरसाहेब" एवढंच म्हणाली. ओठ सुजायला लागले, मान, हात लाल झाले, आणि ती बाकावरून घसरली. काय झालं ते मला कळलं होतं. काय करायचं तेही कळत होतं. पण माझे हात हलले नाहीत. लाज वाटते सांगायला; मी नुसता उभा होतो. पुस्तकात शंभरदा वाचलेलं, शिकाऊ पोरांना शिकवलेलं, आणि मी खांबासारखा उभा.

वीरेंद्रनं तिला आडवं केलं, पाय उंच केले, रूपाला म्हणाला, "ॲड्रेनालिन." रूपानं ॲम्प्यूल हातात दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला अजून आठवतं ते पाहणं. तो परवानगी मागत होता. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्यानं एक क्षण वाट पाहिली, मग मान वळवली आणि तिच्या मांडीत सुई दिली. थोड्या वेळानं दुसरी दिली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिचा श्वास परतला होता. तिच्यासोबत वाशीमला तोच गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला वाशीमच्या दवाखान्यात गेलो. ती उशीला टेकून चहा पीत होती. मला पाहून पदर सारखा केला.

"सोजरबाई, आधी कधी असं झालं होतं का?"

"झालं होतं ना," ती म्हणाली. "दिवाळीच्या वक्ताले अकोल्याले लेकीकडं गेलती. तिथल्या डाक्टरनं अशीच सुई मारली तं तोंड सुजलं होतं माह्यं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमाले वाईट वाटन म्हणून." तिनं कप खाली ठेवला. "तीस वर्साचे आमचे डाक्टर तुमी. अन मी दुसऱ्याची सुई घेऊन आली, असं कोन्या तोंडानं सांगू? अन तुमी काई घोर लावून नोका घेऊ जीवाले. घरी म्या सांगतलं, उपाशीपोटी चक्कर आली म्हणून. तुमचं नाव नाई काढलं."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. या बाईला मी जवळजवळ मारलं होतं, आणि ती माझी अब्रू झाकत बसली होती. माझ्या रागाचा, माझ्या मोठेपणाचा मान राखण्यासाठी तिनं तोंड मिटून घेतलं, आणि ते मिटलेलं तोंड पाहून मी म्हटलं, भ्याली.

महिना संपायला तीन दिवस होते. अहवाल लिहायला बसलो. वीरेंद्रनं परवानगीशिवाय दोन इंजेक्शनं दिली, हे खरं. मी परवानगी दिली असं लिहिलं की प्रश्न मिटत होता. 'माझ्या सूचनेनुसार डॉ. बोडखे यांनी उपचार केले.' एक ओळ. त्याचं वर्ष वाचतं, माझी एक्केचाळीस वर्षं वाचतात, सोजरबाईला तर काही बोलायचंच नव्हतं. खरं लिहिलं तर देखरेख करणाराच चुकार निघतो. मग याचे सात महिने कोण मोजणार? आणि नववा डॉक्टर कुठून आणणार तो?

मी ती ओळ लिहिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वाचला.

"सर, तुमी कुठं सांगितलं होतं मला?"

"सांगणारच होतो. तोंड उघडत नव्हतं माझं. डोळ्यांनी सांगितलं समज."

"नाही सांगितलं, सर."

"अरे, मूर्खा, तुझ्यासाठीच लिहून राह्यलो ना मी!" राग आला की माझी भाषा घरची होते. "सात महिने वाया घालवायचे का तुला? पोरगी दिवस मोजून राह्यली तुझी!"

त्यानं कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "हरीओमच्या केसपेपरवर मी पण एकच ओळ लिहिली होती, सर. कौन्सिलची चौकशी होईपर्यंत सहा-सात महिने गेले. तवरक त्याचा बाप गावात सगळ्यांना सांगत होता, की आमच्याच पोराच्या रक्तात काही खोट असन, डॉक्टरनं तर विचारलं होतं. त्याच्या धाकट्या भावाचं रक्त तपासायला त्याले नागपूरले नेलं त्यांनी. दोनदा. मला माहीत होतं अन मी दवाखान्यात बसून होतो." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "पोरगी मोजन अजून. तिला मी सांगीन. पण ही ओळ नका लिहू."

मी तो कागद फाडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पाहिलं याचाही मला राग आला. नव्या कागदावर सगळं लिहिलं: प्रश्न मी खोडला, विचारू मी दिलं नाही, सुई मी दिली, हात माझे गोठले, परवानगी मागितली गेली पण मी दिली नाही, आणि बाई वाचली ती डॉ. बोडखे यांच्यामुळे. सही करताना पेन दोनदा थांबला. मग पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं. इंजेक्शनांबद्दल वीरेंद्रला दोष दिलेला नव्हता; जीव वाचवण्यासाठी ते योग्य होतं, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण देखरेख पुरेशी नव्हती, म्हणून माझ्याकडचा काळ धरता येणार नाही. वाशीमच्या एका डॉक्टर बाईंकडे बारा महिने पुन्हा, पहिल्यापासून. मला लेखी समज. एक्केचाळीस वर्षं मिरवलेला कोरेपणा एका पानावर संपला. त्याचं मला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. त्याच्या बारा महिन्यांचं मात्र झालं, आणि अजून होतं.

तो सामान घ्यायला आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "मला माफ कर." असं मी कुणाला शेवटचं कधी म्हणालो होतो, आठवत नाही. बायकोला तर कधीच नाही. त्यानं वाकून नमस्कार केला. मी त्याला उठवलं आणि धरून ठेवलं.

जाता जाता दारात तो थांबला. "सर, एक विचारू? माझ्यावर तर आता त्या मॅडम लक्ष ठेवतील. तुमच्यावर कोण ठेवन?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच काळजी होती.

"मी हावो ना," आतून रूपा म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली, पण माझ्याकडे बघत नव्हती. "फक्त साहेब, विचारलं तं रागवायचं नाई. त्या दिवशी तुमच्यापाशी याच्या आधी सोजरबाई बाकावर बसली होती तवा मलेच सांगून राह्यली होती, का सुईची धास्ती वाटते बाई, अकोल्याले लय त्रास झाला होता. मी तुमच्या दारापर्यंत आलती. तुमचा आवाज ऐकला, वीरेंद्र सरले बोलून राह्यले होते तुमी. मी परत फिरली."

वीरेंद्रनं बॅग खाली ठेवली. रूपा रडत होती आणि मला तिच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट जगदेव, चाळीस वर्षांचा, कंबरदुखीचा. मी सुई भरली. रूपा दारात उभी राहिली, चेहरा पांढराफटक.

"साहेब," ती म्हणाली, "विचारलं का त्याले?"

राग आला. खरंच आला, पायापासून डोक्यापर्यंत आला. मी सुई ट्रेमध्ये ठेवली, खुर्ची ओढली आणि जगदेवच्या समोर बसलो.

"दुसऱ्या कोणत्या डॉक्टरकडे गेला होतास का रे?" मी विचारलं. "गेला असशील तर सांग. मी रागावत नाही."