ड्रमवाला आजारी आहे

एकाच नावाच्या दोन बँडपार्ट्या एका शहरात असू नयेत, आणि त्या सख्ख्या भावांच्या तर मुळीच असू नयेत. पण होत्या. 'निळी खिडकी' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारायचा, "कोणती? गाण्याची का नाचाची?" गाण्याची थोरल्याची, नाचाची धाकट्याची.

नावाची गोष्ट साधी होती. छापखान्याच्या वरच्या खोलीत दोघं भाऊ तालीम करायचे. उन्हाचा त्रास नको म्हणून त्या खोलीच्या काचांना कुणीतरी कधीकाळी निळा रंग फासला होता. थोरला अकॉर्डियन वाजवायचा आणि गायचा, धाकटा ड्रमवर. नाव सुचलं थोरल्याला. मोठ्या ड्रमच्या तोंडावर ते निळ्या अक्षरांत रंगवलं धाकट्याने. पुढचं सगळं रामायण तिथेच शिजलं म्हणा ना.

थोरल्याला धंद्यात सगळे 'भाता' म्हणत. अकॉर्डियनचा भाता तर त्याच्या हातात असायचाच, पण माणूसही तसाच. जरा दाबलं की आवाज करणार! एका क्लबच्या कार्यक्रमात भर गाण्यात तो माइकवरच मागे वळून म्हणाला, "अरे, जरा हळू बडव. लोक गाणं ऐकायला आलेत, पत्रे ठोकलेले ऐकायला नाही."

लोक हसले. नुसतं बोलला असता तर धाकट्याने पोटात घातलं असतं, पण लोक हसले ना! त्याने काड्या खिशात घातल्या, तिथेच ड्रमचे स्क्रू सोडायला घेतले आणि एकेक नग उचलून बाहेर न्यायला लागला. भाता गात राहिला. मागून सामान सरकवल्याचा आवाज येत राहिला. शेवटी मोठा ड्रम कडेवर घेऊन धाकटा मधल्या वाटेने चालत गेला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी होत्या ते भात्याला कधीच कळलं नाही.

थोड्याच दिवसांत भिंतींवर 'निळी खिडकी'चे कागद लागले, आणि त्यांवर धाकट्याचा फोटो. भात्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नाव माझं आहे."

"नाव ड्रमवर आहे दादा, आणि ड्रम माझा आहे," धाकटा म्हणाला.

ज्याच्या हाती ससा तो पारधी! त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही.

दोघांचाही संसार त्याच नावावर चालला. भात्याची पार्टी हॉटेलांच्या जेवणघरांत आणि लोकांच्या निवृत्तीच्या समारंभांत वाजवायची. त्याचं एक गाणं काही दिवस रेडिओवर लागलं, त्याबद्दल कौतुक लोकांनी धाकट्याचं केलं. धाकटा नाचाच्या हॉलमध्ये आणि प्रवासी बोटींवर वाजवायचा. बोटीवर कुणीतरी पिऊन धिंगाणा घातला, ती बातमी छापून आली भात्याच्या फोटोसकट. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मध्येच दुसऱ्या गावात कॉलेजच्या मुलींनीही 'निळी खिडकी' काढली, तेव्हा मात्र दोघा भावांनी आपापल्या घरी बसून एकाच जोराने शिव्या दिल्या. ती खिडकी परीक्षा आल्यावर आपोआप बंद झाली.

छापखान्यावरची खोली भात्याकडेच राहिली. पुढच्या भागात तो लोकांच्या अकॉर्डियनची दुरुस्ती करायचा, मागच्या भागात तो आणि आई राहायचे. भिंतीवरचा फोनही जुनाच, पहिल्यापासूनचा. त्यामुळे धाकट्यासाठीचे निम्मे फोन इकडेच यायचे. सुरुवातीला भाता "राँग नंबर!" म्हणून रिसीव्हर आदळायचा. मग काम आटलं, तसं त्याचा गिटारवाला म्हणाला, "अहो, चालत आलेलं काम लाथाडताय कशाला? समोरच्याला 'निळी खिडकी' हवीय. आपण कोण आहोत मग?"

तेव्हापासून भाता म्हणू लागला, "हो, आम्हीच."

कार्यक्रमाच्या दिवशी यजमान विचारायचे, "ड्रम कुठंय?" त्यावर भाता तोंड पाडून म्हणायचा, "काय सांगू, आमचा ड्रमवाला आजारी आहे. सांभाळून घ्या." लोक बिचारे सांभाळून घ्यायचे. गिटारवाल्याला आतून हसू फुटायचं.

"एखादा ड्रमवाला घेऊ या ना," तो म्हणायचा. "किती वर्षं आजारी ठेवणार त्याला?"

"सूर नसतो त्याला ड्रम लागतो," भाता फिसकारायचा. पण स्टेजवर उभं राहताना तो मागची डावीकडची जागा मोकळी सोडायचा. गिटारवाल्याने एकदा तिथे आपली पिशवी ठेवली, तर भात्याने सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

ही थाप हळूहळू धंद्यात पसरली. रिकामटेकड्यांना तेवढंच पुरे होतं. फोन यायचे, "काय भाता, ड्रमवाल्याचा ताप उतरला का?" नाहीतर आवाज बदलून, "मी डॉक्टर बोलतोय, तुमचे ड्रमवाले सीरियस आहेत." आणि मागे खिदळणं. भाता असा काही पेटायचा की खाली छापखान्यातले लोक वर बघायचे.

आईचं मात्र एकच तुणतुणं होतं. "एकदा दोघांना एका टेबलावर जेवताना बघू दे, मग मी डोळे मिटायला मोकळी."

"त्याने यावं आणि म्हणावं, नाव दादाचं. दार काय मी लावून घेतलंय?"

"तू जा की."

"मी का जाऊ? मी थोरला आहे."

"थोरला आहेस म्हणूनच म्हणते ना रे!"

गुडघे धड होते तोवर आई स्वतः धाकट्याकडे जाऊन यायची. भाता विचारायचा नाही, ती सांगायची नाही. मग गुडघे गेले आणि जिना तिला बंद झाला. फोनला तर ती हातही लावायची नाही. माणसाचं तोंड दिसत नाही तर बोलायचं कसं, असं तिचं म्हणणं. मग धाकटा जिन्याखालच्या गल्लीत येऊन उभा राहायला लागला. निळ्या काचेचा एक कोपरा फुटलेला होता, तिथून आई हात हलवायची, तो खालून हलवायचा. त्या वेळी भात्याला हमखास दुरुस्तीचं काम निघायचं, आणि तो मान वर करायचा नाही. पण अलीकडे धाकटा गल्लीतही दिसेनासा झाला होता.

"जरा बघून ये रे, बरा आहे ना," आई म्हणायची.

"बोटीवर गेला असेल. त्याला काय धाड भरलीय?"

खरं तर भाता त्या दिवसांत खुशीत होता. गेली दोनेक वर्षं फोन वाढले होते. नाचाचे हॉलवाले, बोटीवाले, सगळे आता इकडेच. धाकट्याचं काम आपण पळवतोय या विचारानेच त्याला दोन घास जास्त जायचे. "बघ," तो गिटारवाल्याला म्हणायचा, "शेवटी लोक सुराकडेच येतात."

त्या मंगळवारी सकाळी तो एका अकॉर्डियनच्या आतल्या सुरांच्या पट्ट्या मेणाने बसवत होता. मेण वितळलेलं असतं तोवरच हात चालवावा लागतो. नेमका तेव्हा फोन वाजला. चडफडत त्याने उचलला.

"निळी खिडकी का?" बाईचा आवाज.

"हो. बोला."

"तुमचे ड्रमवाले फार आजारी आहेत हो..."

भात्याचं डोकं फिरलं. आता बायकांनाही लावलं होय या कामाला! "आजारी आहे? उत्तम!" तो ओरडला. "मेला की कळवा, टाळ्या वाजवू!" आणि रिसीव्हर आदळला.

लगेच पुन्हा वाजला. "अहो, ऐकून तरी..." एवढंच त्याने ऐकलं आणि ठेवला. मग रिसीव्हर काढून टेबलावर आडवा टाकला आणि पुन्हा मेणाकडे वळला, तर मेण गोठलं होतं.

"कुणाचा रे?" आईने आतून विचारलं.

"टवाळांचा. ड्रमवाला आजारी आहे म्हणे."

आई दारात आली. "आणि खरंच असला तर?"

"इतकी वर्षं आजारीच आहे तो, आई," भाता म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. आई हसली नाही. ती त्या आडव्या पडलेल्या रिसीव्हरपाशी आली. मग तिने तो उचलून जागेवर ठेवायला हात पुढे केला, पण ते कसं करतात हे ठाऊक नसल्यासारखा मागे घेतला.

शनिवारी संध्याकाळी मोठा कार्यक्रम होता, नाचाच्या हॉलमध्येच. भात्याने माइक हातात घेऊन नेहमीसारखं तोंड पाडलं. "आमचा ड्रमवाला आजारी आहे. सांभाळून घ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणीही रंगली.

पुढच्या आठवड्यात जिन्यावर जड पावलं वाजली. धाकट्याच्या पार्टीतली सॅक्सोफोनवाली होती. भात्याने तिला फक्त भिंतीवरच्या कागदांत पाहिलं होतं. तिने कडेवर मोठा ड्रम धरला होता. निळी अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. तिने ड्रम जमिनीवर ठेवला आणि धाप लागलेली असतानाच म्हणाली, "हा तुमच्याकडे द्यायला सांगितला होता. शनिवारी संध्याकाळी गेला तो."

"कुठे गेला?" भात्याने विचारलं. विचारताच त्याला कळलं, पण तोंडातून शब्द निघून गेला होता.

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडलं. आई भिंतीला धरून बाहेर आली.

सॅक्सोफोनवाली उभ्यानेच बोलत होती. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. धाकट्याचे हात थरथरायला लागले होते. काडी हातात राहीना. पार्टी मोडून दोन वर्षं झाली होती. ती स्वतः पोटासाठी बोटीवर वाजवायला लागली होती, कालच उतरली.

"पार्टी मोडली?" भाता म्हणाला. "मग ती कामं... बोटीवाले, हॉलवाले..."

"तोच पाठवायचा तुमच्याकडे. त्याच्याकडे फोन आला की सांगायचा, हा नंबर जुना, नवा लिहून घ्या, आणि तुमचा द्यायचा. मी म्हटलं, अरे, ज्याने लोकांत तुझी शोभा केली त्याला? तर म्हणाला, दादा माझी जागा राखून बसलाय."

"कसली जागा?"

"तुम्ही सगळीकडे सांगायचात ना, ड्रमवाला आजारी आहे म्हणून. लोक येऊन त्याला सांगायचे, हसायचे. तो नाही हसायचा. म्हणायचा, ड्रमवाला नाही असं दादा म्हणत नाही, आजारी आहे म्हणतो. म्हणजे बरा झालो की घेईल."

 भात्याला वाटलं, हिने आता थांबावं. पण ती कशाला थांबते! तिलाही कुठेतरी ओतायचं होतंच.

"हॉस्पिटलात नर्सने कुणाला बोलवू विचारलं, तर त्याने तुमचाच नंबर सांगितला. पाठ होता. 'निळी खिडकी'ला लावा, म्हणाला. तिने लावला होता, मंगळवारी सकाळी. मला म्हणाली, कुणीतरी उचलला, पण..." तिने भात्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. "तिला त्याला खरं सांगवेना. निघालेत म्हणून सांगितलं तिने. मग तो दाराकडे तोंड करून पडून राहिला. कूस बदलायला तयार होईना. शनिवारपर्यंत."

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं आणि ड्रमचं कातडं बारीक थरथरायला लागलं. सॅक्सोफोनवालीने त्यावर तळहात ठेवून ते थांबवलं, मग आईच्या खांद्याला हात लावला आणि जिना उतरून गेली.

"आई," भाता म्हणाला. "मला वाटलं टवाळ आहेत. शपथ सांगतो, मला वाटलं..."

आईने शिव्या द्याव्या, तोंडात मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती खाली बसली, गुडघे दुखत असताना बसली, आणि पदराने ड्रमवरची धूळ पुसायला लागली. अक्षरांवरून हात फिरवताना तिने जोर कमी केला. भाता लहान मुलासारखा हुंदके देत होता. तिने त्याला गप्प केलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भात्याचा हात सवयीने पुढे गेला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

ती टेबलाला धरून उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो रिसीव्हर उचलला, उलटा धरला, मग सुलटा केला.

"बोला," ती मोठ्याने म्हणाली. "सगळं सांगा, सावकाश सांगा. मी मध्येच ठेवणार नाही."

पलीकडे कुणीतरी कार्यक्रमाचं बोलत होतं. आईने सगळं ऐकून घेतलं, तारीख, हॉल, किती माणसं. शेवटी त्या माणसाने विचारलं, ते भात्यालाही ऐकू आलं. "ड्रम असेल ना हो?"

"ड्रम आहे," आई म्हणाली. "ड्रमवाला माझा धाकटा मुलगा. तो वारला."

पलीकडचा माणूस गडबडला. काहीतरी पुटपुटला, मग म्हणाला, "मग दुसरं कुणी आहे का घरात, ज्यांच्याशी बोलता येईल?"

आईने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं.

"आहे एक," ती म्हणाली. "पण त्याला फोनवरचं ऐकू येत नाही."

मग तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, बरोबर बसलाय ना हे दोनदा दाबून पाहिलं, आणि खुर्ची ओढून फोनखाली बसली.